बावीस नग

सराफ कट्ट्यामागच्या बोळात, जिन्याखाली माझी भट्टी.
दोन माणसं आत आली
की तिसऱ्याने बाहेर चपलांपाशी थांबायचं.
मी खानापूरकडचा. आमच्याकडे पोरगं दहावीला बसलं
की कुणी विचारत नाही पुढं काय,
विचारतात, कुठल्या गावाला धाडणार?
चुलता कोइमतूरला, थोरला सिलिगुडीत,
मला सोलापूर आलं.
इथं मे महिन्यात भट्टी विझवली
तरी अंगाला कळत नाही.

मंगळवारी शेट्यांच्या पेढीवरनं पोऱ्या आला,
गुलाबी कागदाची पुडी घेऊन.
बावीस नग. कासुलपेरू.
पूर्व भागातल्या बाई आहेत, म्हणाला, पेढीवर बसल्यात,
लगड करून कस काढून द्यायचाय.

दोरा तोडला. हळदीने कडक झालेला,
दोरा वजनात धरत नाहीत,
खिळ्याला अडकवून ठेवला.
मग एकेक नग उजेडात धरला:
राणीचे सात, दाढीवाल्या राजाचे अकरा,
तिनांवर फारसी, मला न वाचता येणारी,
आणि एक कुणाचंच नाही,
एका अंगाला बैल नाहीतर हत्ती,
बोटांनी झिजून नुसता उंचवटा राहिलेला.

शेट्यांना फोन लावला. म्हटलं, हे जुनं दिसतंय,
पुण्याचा तो नाणीवाला येतो, त्याला एकदा…
शेटे म्हणाले, तो येणार पुढच्या आठवड्यात.
बाईंच्या पोराला आज टोकन भरायचंय,
एमआयडीसीत शाळेचे युनिफॉर्म शिवणार,
बारा मशिनी घ्यायच्यात.
आणि माझ्याकडे भाव ग्रॅमचा आहे, विरूपाक्ष शेटेकडे,
हत्तीचा नाही.

मला एक खोड आहे. मोरीवर लाल साबण असतो,
भिजून मऊ झालेला.
त्यावर मी एखादं नाणं दाबून घेतो, मग मुशीत टाकतो.
त्या दिवशी हत्ती दाबला.

सवागी टाकली. ज्योत निळी केली.
आधी दाढी जाते.
मग राणीचा अंबाडा.
नाक बराच वेळ तग धरतं, का कुणास ठाऊक.
एक क्षण सगळे एकमेकांवर कलतात,
रात्रीच्या एसटीत झोपलेल्या बायका कलतात तसे,
आणि मग कुणीच नसतं,
मुशीच्या तळाशी एकच हिरवट डोळा, हलणारा.

ब्याऐंशी ग्रॅम, तीनशे मिली.
घट आठशे, कड्यांच्या डागामुळे.
हे मी वहीत लिहीत होतो
तेव्हा बाई जिन्याखाली वाकून आत आल्या.
नरसव्वा येमुल. चष्म्याला दोरी बांधलेली.
पोऱ्या चपलांपाशी गेला.

त्यात एक नाणं होतं, म्हणाल्या,
आईचं पहिलं. गिरणीत रिळावर होती ती.
घेताना दुकानातच दाताखाली धरलं, खरं का खोटं बघायला,
सराफ हसला, तरी धरलं.
दोन दातांची खूण होती. दिसली का?

दिसली होती.
दोन बारीक खाचा, राजाच्या कानामागं.
चिमट्याच्या असतील असं वाटून
मी पुढचा नग उचलला होता.

हो म्हटलं. दिसली.
त्यांनी मान हलवली, गेली का आहे ते विचारलं नाही.
खिळ्यावरचा दोरा काढून देऊ लागलो,
तो राहू दे, म्हणाल्या, आधी ते दाखव.

लगड अजून कोमट होती.
पदराने पुसली, चष्मा कपाळावर सरकवला,
आणि कोपरा दाताखाली धरला.
डोळे मिटून. नीट, सावकाश,
सुईत दोरा ओवताना माणूस थांबतं तेवढा वेळ.

मग थुंकल्या मोरीत.
बराबर है, म्हणाल्या, कुणाला ते कळलं नाही,
आणि दोरा घेऊन गेल्या.

शेट्यांनी लगड पुन्हा तोलली. वजन तेवढंच.
ही खूण कसली रे, कोपऱ्यावर?
चिमट्याची, मी म्हटलं.

रात्री हात धुतले.
बैल होता की हत्ती,
फेस होईपर्यंत ठरलं नाही.